शिक्का मारलेली घंटा

मी एक जुना रुळाचा तुकडा आहे. मित्रांनो, या देशाचे भवितव्य बावीस वर्षे माझ्या आवाजावर शाळेत आले. मी नसतो तर या डोंगरात अक्षर उगवले नसते, असे सुमंत गुरुजी दर सव्वीस जानेवारीला भाषणात सांगत. सत्तावीस तारखेला भवितव्यातले निम्मे गुरांमागे गेलेले असे, आणि उरलेल्यांपैकी काही जण माझा आवाज कानावर पडताच ओढ्याकडे पळत. चिंचा तिकडे होत्या.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला हे मला ठाऊक नाही. त्यामुळे बालपणीच्या गोड आठवणींतून तुमची सुटका झाली आहे. कळू लागले तेव्हा मी मिरजेजवळ खडीवर पडून होतो आणि माझ्या अंगावरून गाड्या जात होत्या. लोक याला सेवा म्हणतात. पुढे लहान रूळ उखडून मोठे टाकायचे ठरले. ज्याच्यावरून काल कोल्हापूरची गाडी गेली, तो आज भंगार ठरला. रुळाच्या कामावर नाथाजी नावाचा गँगमन होता. त्याने माझा सव्वा हाताचा तुकडा पोत्यात घातला, एस.टी.च्या टपावर टाकला आणि आपल्या गावी आणला. मागून आणला, असे तो सांगतो. रेल्वेला कोणी विचारलेले नाही.

नाथाजीचे गाव उंबरटेक. डोंगराच्या पोटाशी, सातारा जिल्ह्याच्या अगदी शिवेवर. खाली ओढा आहे. ओढ्यापलीकडे सांगली जिल्हा सुरू होतो आणि तिथे पंधरा-वीस घरांची वाडी आहे. शाळा एकच, ती अलीकडे, चौथीपर्यंत. गुरुजीही एकच, दुसऱ्या गुरुजींची जागा मंजूर होती, म्हणजे रिकामी होती. मुले एकेचाळीस. त्यांतली अठरा ओढा ओलांडून येत. कोण कुठल्या जिल्ह्यातले, हे मुलांना माहीत नव्हते आणि ओढ्याला तर नव्हतेच.

मला शाळेपुढच्या जांभळीला टांगले, शेजारी तारेला एक जाड बोल्ट अडकवला, आणि गावाने मला घंटा म्हणायला सुरुवात केली. तीन टोले म्हणजे शाळा. न थांबता टोले म्हणजे एस.टी. हा उंबरटेकचा रिवाज तुम्हाला नीट सांगितला पाहिजे. शाळेच्या पायरीवरून घाटाचे वळण दिसते. गाडीचे वेळापत्रक तालुक्याच्या स्टँडवर छान रंगवलेले आहे, पण सकाळची गाडी साडेसहाला येईल की आठला, हे फक्त त्या वळणालाच कळे. वळणावर गाडी दिसली की गुरुजी मला बडवायला लागत. वळणापासून फाट्यावर यायला गाडीला पाव तास लागे आणि वाडीतून फाट्यावर पळत यायला माणसालाही तेवढाच. बाळंतपणाला निघालेल्या बायकांपासून सुट्टी संपलेल्या फौजींपर्यंत सगळे माझ्या आवाजावर गाडीला गेले.

त्र्याण्णवच्या डिसेंबरात एका पहाटे जमीन हलली. किल्लारीला सप्टेंबरात जे झाले ते सगळ्यांनी ऐकले होते, त्यामुळे गाव जीव मुठीत धरूनच झोपत होते. त्या पहाटे मला कोणी हात लावला नाही. जांभळ हलली, बोल्ट माझ्यावर आपटत राहिला आणि मी वाजत राहिलो. माणसे बाहेर पळाली. उंबरटेकात कोणी मेले नाही. शाळेची एक भिंत फाटली आणि कौले खाली आली. दुसऱ्या दिवशी मला हळदकुंकू लागले, नारळ फुटला. आठवडाभर मी देव होतो. त्या कामात कष्ट काहीच नसतात, फक्त मुंग्या फार येतात.

मग समिती आली.

खरे म्हणजे तीन आल्या. आपत्तीत मुलांचे शिक्षण थांबू नये म्हणून साताऱ्याने एक नेमली आणि सांगलीने एक. दोघींनी एकमेकींच्या मुलांना चुकून शिकवू नये म्हणून तिसरी नेमली, तिचे नाव संयुक्त समन्वय समिती. समन्वयक होते वीरधवलराव. गोड बोलणारे, खिशाला तीन पेनं, बरोबर जीप. त्यांच्या नकाशात आमचा ओढा निळ्या शाईने इतका ठळक काढला होता की समुद्र वाटावा.

साताऱ्याने तंबू दिला, तो अलीकडे उभा राहिला. सांगलीने तंबू दिला, तो पलीकडे. साताऱ्याच्या मुलांना पिवळी कार्डे, सांगलीच्या मुलांना निळी. अलीकडे पाट्या आल्या, पेन्सिली आल्या नाहीत. पलीकडे पेन्सिली आल्या, आणि पाट्या अलीकडे असल्यामुळे मुलांनी त्या खाल्ल्या. गुरुजी मात्र कोणीच दुसरे पाठवले नाहीत. मग सुमंत गुरुजी सकाळी अलीकडे शिकवत, दुपारी धोतर वर खोचून ओढा ओलांडत आणि पलीकडे शिकवत. ते मूळचे वाईचे. नदी त्यांना नवी नव्हती, पण तिथे घाट बांधलेले आहेत.

अडचण माझ्यामुळे झाली. सकाळी मी तीन टोले दिले की पलीकडची अठरा पोरे सवयीने ओढा ओलांडून यायची आणि पिवळ्या तंबूत बसायची. वीरधवलरावांनी हे दोनदा पाहिले. तिसऱ्यांदा त्यांनी जांभळीखाली बैठक घेतली. एकच मूल दोन्ही तंबूंत मोजले गेले तर तो दुहेरी लाभ होतो, आणि या दुहेरी लाभाचे कारण घंटा आहे, असे त्यांनी समजावून सांगितले. शिवाय घंटेमुळे भूकंपाची आठवण होऊन लोक घाबरतात. ठराव झाला. मला गोणपाटात गुंडाळून वर सुतळी आवळली, गाठीवर लाखेचा शिक्का मारला आणि पंचनामा केला. एक पंच म्हणून नाथाजीचा अंगठा घेतला. माझ्या जागी गुरुजींना दोन शिट्ट्या मिळाल्या, एक पिवळी, एक निळी. त्यांचा आवाज ओढ्यापलीकडे जात नव्हता. तोच त्यांचा गुण होता.

महिनाभरात पलीकडची अठरा मुले अकरा झाली, मग सात. तंबू उभा होता, फळा होता, कार्डे होती. मुले शेळ्यांमागे गेली, कारण शाळा भरली की नाही हे कोणाला कळतच नव्हते. समितीच्या कागदावर मात्र पलीकडे अठरा कार्डे वाटलेली होती, तेव्हा मुलेही अठराच होती.

त्या सातांत एक रेश्मा होती. चौथीतली, वाडीतली, हातात सदानकदा पुस्तक. बाप फौजेत, जम्मूकडे. त्याने पत्रात लिहिले होते की पोरगी स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसली तर जूनमध्ये तिला कराडला आत्याकडे पाचवीला पाठवा. नाही बसली तर घरातली थोरली माणसे म्हणतील तसे. थोरली माणसे काय म्हणतील हे रेश्माला ठाऊक होते, कारण त्यांनी तिच्यासाठी चार शेळ्या आधीच वेगळ्या काढल्या होत्या. परीक्षा फेब्रुवारीतल्या एका रविवारी, तालुक्याच्या गावी. अर्ज ऑगस्टमध्येच आमच्या शाळेतून भरलेला होता. तेव्हा जमीन हलली नव्हती आणि समन्वयही झाला नव्हता.

परीक्षेच्या आदल्या दिवशी वीरधवलराव पाहणीला आले. रेश्माची आई रंगूबाई त्यांची वाट पाहत जांभळीखाली बसलेली होती. वीरधवलरावांनी यादी पाहिली. मुलीचे कार्ड निळे, परीक्षेचा अर्ज साताऱ्यातून. सांगलीच्या समितीने ना-हरकत पत्र दिल्याशिवाय तिला साताऱ्याच्या मुलांबरोबर पाठवणे त्यांना योग्य वाटेना. पत्र आठ-दहा दिवसांत येईल, असे त्यांनी तिला धीर देत सांगितले.

"आवं सायेब, पेपर उद्या हाय," रंगूबाई म्हणाली.

"बाई, मुलगी तुमची आहे हे मी कुठे नाकारतो? पण लाभार्थी सांगलीची आहे."

"मग त्या धरणीकंपालाबी इचारा की, त्यो कुठल्या जिल्ह्याचा व्हता."

वीरधवलरावांनी वही काढली आणि हे वाक्य सूचनांखाली लिहून घेतले. कोणाचेही बोलणे ते वाया जाऊ देत नसत.

ते आत गेल्यावर गुरुजी रंगूबाईजवळ आले. गरीब माणूस, पण हॉल तिकीट त्यांनी कोणाला न दाखवता कोटाच्या आतल्या खिशात ठेवले होते. ते हळूच तिच्या हातात देऊन म्हणाले, "उद्या नेहमीसारखी घंटा दिली की हिला फाट्यावर पाठवा."

"बरं," रंगूबाई म्हणाली.

मित्रांनो, मी त्या दोघांच्या डोक्यावर, दोन हातांवर, गोणपाटात शिक्कामोर्तब होऊन लटकत होतो. दोघांपैकी एकानेही वर पाहिले नाही. बावीस वर्षांची सवय ती. माणसाचे निम्मे शहाणपण सवयीत असते आणि सगळा मूर्खपणाही तिथेच.

त्या रात्री वीरधवलराव गावातच राहिले. तंबूत थंडी वाजते म्हणून त्यांनी शाळेच्या कोपऱ्यातली खोली उघडून घेतली. 'धोकादायक, प्रवेश बंद' ही पाटी तिच्यावर त्यांच्याच सहीची होती.

रविवारी सकाळी अलीकडचे तीन पोरगे कंपासपेट्या घेऊन फाट्याकडे गेले. गुरुजी पायरीवर उभे राहिले. सातला दहा कमी असताना वळणावर गाडी दिसली. गुरुजींनी बोल्ट धरला आणि मला हाणला.

थप्.

ओल्या गादीवर काठी मारावी तसा आवाज झाला. तेव्हा कुठे त्यांनी वर पाहिले. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. पुन्हा हाणले, पुन्हा थप्. मग पिवळी शिट्टी फुंकली, मग निळी. ओढ्याकाठचा एक बगळा उडाला. पलीकडे वाडीच्या तोंडाशी रेश्मा वेणीफणी करून उभी होती, आईचा हात धरून, घंटेची वाट पाहत. मला ती दिसत होती. तिला मी ऐकू जात नव्हतो.

गुरुजींनी हात सुतळीपर्यंत नेला आणि शिक्का पाहून मागे घेतला. पुन्हा नेला, पुन्हा घेतला. सरकारी नोकरी, पेन्शनला सहा वर्षे. गाडी वळणावरून खाली उतरू लागली होती.

नाथाजी शेळ्या घेऊन निघाला होता. तो थांबला. त्याने घाटाकडे पाहिले, पलीकडच्या पोरीकडे पाहिले, आणि कमरेचा विळा काढला.

"नाथाजी, शिक्का आहे तो," गुरुजी म्हणाले.

"व्हय. माझाच अंगठा हाय त्यावर. आत घंटाच हाय का दुसरं काय, ते पंचानं बघाय नको?"

"मी काही पाहिलेले नाही."

"तसंच. तुमी गाडीकडं बघा."

गुरुजी गाडीकडे पाहू लागले. सुतळी तुटली, गोणपाट खाली पडले आणि नाथाजीने मला असे बडवले की मिरजेच्या गाड्याही आठवल्या. रेल्वेत चाळीस वर्षे काढलेला माणूस. गाडी कोणासाठी थांबत नाही, हे त्याच्याइतके त्या गावात कोणाला कळत नव्हते.

आता गावाचेही चुकले नाही. दीड महिना मी गप्प होतो, आणि डिसेंबरातला माझा आवाज सगळ्यांच्या कानात होता. उंबरटेक सगळे बाहेर पळाले. म्हातारी माणसे, पातेल्यासकट बायका, दाढीला साबण लावलेला सरपंच. धोकादायक खोलीतून वीरधवलराव बाहेर आले. अंगावर कांबळे, एका पायात बूट. काय झाले हे त्यांनी कोणाला विचारले नाही. कोणी ढिगाऱ्यात अडकले का, पोरे कुठे आहेत, हेही नाही. ड्रायव्हरला हाक मारून ते जीपमध्ये बसले आणि जीप धुरळा उडवत निघाली.

फक्त एक मुलगी बाहेर पळाली नाही. ती फाट्याकडे पळाली. न थांबता टोले म्हणजे एस.टी., हे तिला जन्मापासून माहीत होते. ओढ्यात तिची एक चप्पल वाहून गेली, तर तिने दुसरी काढून हातात घेतली. फाट्याच्या रस्त्यावर मागून जीप आली आणि तिच्या अंगावर माती उडवून पुढे गेली. जीपमध्ये सहा जागा रिकाम्या होत्या. त्या मी जांभळीवरून मोजल्या आहेत.

गाडी फाट्यावर आली तेव्हा रेश्मा चाळीसएक पावलांवर होती. आधीच चढलेल्या तीन पोरांनी कंडक्टरला काय सांगितले मला माहीत नाही. गाडी थांबली, ती चढली, आणि नाथाजीने बोल्ट सोडला.

पुढे चौकशी झाली. नाथाजीने जबाब दिला की पंच या नात्याने आपण मालाची खात्री केली, माल वाजतो. गुरुजींनी लिहून दिले की आपण त्या वेळी गाडीकडे पाहत होतो. दोन्ही खरे होते, त्यामुळे समितीला त्यांचे काही करता आले नाही. रेश्मा जूनमध्ये कराडला आत्याकडे पाचवीत गेली. शेळ्या राहिल्या.

शहाण्णव साली शाळेची नवी इमारत झाली. तिथे विजेची घंटा बसवली आहे. वीज दुपारनंतर येते, म्हणून शाळा सुटलेली कळते, भरलेली कळत नाही. मी मागच्या पडवीत दोन तंबूंच्या घड्यांखाली पडून आहे. आत्मवृत्ताच्या शेवटी वस्तूने काही मागावे अशी रीत आहे. मला तेल नको, रंग नको, हळदकुंकू तर मुळीच नको. मित्रांनो, पुन्हा कधी जमीन हलली आणि तुमच्यासाठी कोणी समिती नेमली, तर एवढे करा. आधी एखादी वाजणारी वस्तू लपवून ठेवा, आणि एक विळा.

समितीचा छापील अहवाल गुरुजींनी एकदा जांभळीखाली वाचून दाखवला होता. मुखपृष्ठावर वीरधवलराव दोन्ही बूट घालून उभे आहेत. आपत्तीच्या काळात समितीच्या प्रयत्नांमुळे परीक्षेला बसलेल्या मुली: सातारा जिल्हा एक, सांगली जिल्हा एक, एकूण दोन.

रेश्मा एकटीच होती.