पूर्ण वाक्यात सांग

मी पुठ्ठ्याची पाटी. अंगावर दोनच इंग्रजी अक्षरं, ओ आणि आर. वरच्या बाजूला दोन भोकं, त्यांतून ओवलेली नाडी. चौथीच्या वर्गात खिडकीजवळच्या खिळ्याला मी टांगलेली असते. अँड, बट आणि बिकॉज या माझ्या बहिणी शेजारीच असतात. दोन वाक्यांच्या मधे उभं राहायचं आणि त्यांना जोडायचं, हे आम्हा चौघींचं काम. निदान पुस्तकात तरी तसं लिहिलंय. माझ्या बहिणी खरंच जोडतात. मी आले की मात्र दोघांतल्या एकालाच राहता येतं.

जन्माने मी फ्रीजचं खोकं. या वर्गाला इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंचं म्हणणं असं, की ‘उभयान्वयी अव्यय’ एवढं नाव उच्चारेपर्यंतच पोरांना जांभया येतात, पुढचं काय शिरणार? म्हणून त्यांनी खेळातून शिकवायचं ठरवलं आणि वर्गात पुठ्ठा मागितला. एका मुलीचे वडील फ्रीज दुरुस्त करायचे. स्कूटरच्या पुढच्या जागेत मला उभं करून, त्यांनी स्वतःच मला शाळेत आणलं. बाईंना हव्या त्या मापाचे तुकडे कापून दिले. मग खिशातून पॉलिश पेपर काढला आणि आमच्या कडा घासत बसले.

“राहू द्या हो, एवढं कशाला?” बाई म्हणाल्या.

“पोरांच्या गळ्यात जाणार ना? मान कापायला नको कुणाची.”

त्यांच्या मुलीला सगळे भिंगरी म्हणायचे. एका जागी पाच मिनिटं बसली तर बाई तिच्या कपाळाला हात लावून बघायच्या, ताप तर नाही ना.

त्याच आठवड्यात शाळा सुटल्यावर भिंगरीची आई बाईंना भेटायला आली. बाई तेव्हा माझी अक्षरं रंगवत होत्या. ओ झाला होता, आर बाकी होता. आई टेबलाशी उभी राहून हळू आवाजात म्हणाली, “बाई, आम्ही दोघं सध्या वेगळे राहतोय. ती माझ्याकडे असते, गुरुवारी तिच्या बाबांकडे जाते. पुढचं कोर्टात ठरायचंय. तिला घरून आम्ही काही विचारत नाही. तुम्हीपण जरा सांभाळून घ्या.”

“हो हो, काळजी करू नका,” बाई म्हणाल्या. माझ्या आरचा तिरका पाय कडेबाहेर जाऊ नये म्हणून त्यांनी श्वास रोखला होता. मान डोलावली, पण वर काही पाहिलं नाही. आई थोडा वेळ थांबली. मग “बरं, येते,” म्हणून निघून गेली. आरचा तो पाय फार सुबक आला आहे. बघणारे अजून कौतुक करतात.

खेळ सोपा होता. दोन मुलं दोन बाजूंना उभी राहायची, प्रत्येकाकडे एक वाक्य. मधला गळ्यात आमच्यापैकी एक पाटी घालून दोघांचे हात धरायचा. एकजण म्हणायचा, ‘आय वॉन्ट टू प्ले’, दुसरा म्हणायचा, ‘माय लेग इज हर्टिंग’, आणि बट घातलेला पोरगा दोघांना ओढून एकत्र आणायचा. बिकॉजसाठी तर भांडणं व्हायची. सगळ्यांत लांब पाटी ना ती.

माझा खेळ जरा निराळा. मला घालणाऱ्याला बाई प्रश्न विचारायच्या, टी ऑर मिल्क? बाजूचे दोघं म्हणजे ते दोन पर्याय. त्याने एक निवडायचं, पूर्ण वाक्यात सांगायचं आणि दुसऱ्याचा हात सोडून द्यायचा. हात सुटलेल्याने तोंड पाडून जागेवर जायचं. पोरांना हे फार आवडायचं. रडण्याची नक्कल करायला मिळायची.

त्या गुरुवारी शेवटचा तास होता आणि खेळ रंगात आला होता. कॅट ऑर डॉग, समर ऑर विंटर, बस ऑर सायकल. बाई भराभर विचारत होत्या, पोरं भराभर हात सोडत होती. भिंगरीची पाळी आली. तिने मला गळ्यात घातलं, एक गिरकी घेतली आणि दोघांचे हात धरले. बाईंच्या डोक्यातल्या जोड्या बहुधा संपल्या होत्या. तोंडात आलं ते त्या बोलून गेल्या.

“मदर ऑर फादर?”

तिच्या एका बाजूला एक मुलगी होती, दुसऱ्या बाजूला ‘लंबू’ म्हणून ओळखला जाणारा मुलगा. लंबूने लगेच मिशीला पीळ दिल्याची नक्कल केली. वर्ग खिदळला. मी भिंगरीच्या छातीवर होते. आतली धडधड मला पुठ्ठ्यातून जाणवत होती. ती हलली नाही.

“बोल ना गं. एवढा काय विचार? मागे सगळे थांबलेत,” बाई म्हणाल्या. “आणि पूर्ण वाक्यात सांग.”

“आय लाइक माय मदर,” भिंगरी म्हणाली आणि तिने लंबूचा हात सोडला.

लंबूने छाती बडवून घेतली, “हाय हाय, माझी मुलगी,” म्हणत तो जमिनीवर आडवा झाला. पोरं पोट धरून हसली. बाईसुद्धा हसल्या. भिंगरीने तेवढ्यात दाराकडे पाहिलं. दारात तिचे बाबा उभे होते. दुकान लवकर बंद करून तिला न्यायला आले होते, हेल्मेट हातातच होतं.

त्यांनी सगळं ऐकलं होतं. तरी ते हसले आणि म्हणाले, “व्हेरी गुड.”

भिंगरीने मला गळ्यातून काढलं. खिळ्याला न टांगता टेबलावर उपडं ठेवलं आणि दप्तर घेऊन ती त्यांच्याबरोबर गेली. माझ्या नाडीला तिच्या हाताचा घाम लागला होता.

त्यानंतर ती बदलली, पण इतक्या गुपचूप की बाईंच्या लक्षात यायला वेळ लागला. चित्रकलेच्या तासाला कुठला रंग हवा विचारलं, तर “कुठलापण.” खिडकीशी बसतेस का भिंतीशी? “कुठेपण चालेल.” खेळात दोन गट पडायचे तेव्हा ती मधेच उभी राहायची, कुणीतरी ओढून नेईपर्यंत. बाई शिक्षकांच्या खोलीत सांगत होत्या म्हणे, की भिंगरी यंदा किती समजूतदार झाली आहे.

मग एका दुपारी वर्ग झाडायला आलेल्या मावशींना भिंगरीने विचारलं, “मावशी, बोललेलं परत घेता येतं का हो?”

“कुणाला काय बोललीस?”

“कुणाला नाही. तसंच विचारलं.”

बाई कपाटाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. हातातल्या वह्या त्यांनी पुन्हा खालीच ठेवल्या. मावशी गेल्या, भिंगरी गेली, तरी बाई तिथेच. मग त्यांनी मला खिळ्यावरून काढलं आणि माझ्याकडे बघत राहिल्या. आरच्या त्या तिरक्या पायावरून अंगठा फिरवला. आईचं बोलणं त्यांना तेव्हा आठवलं असणार, कारण त्या स्वतःशीच म्हणाल्या, “सांगितलं होतं की गं मला तिने. इथेच उभं राहून सांगितलं होतं.”

त्यांनी मला कपाटामागे भिंतीकडे तोंड करून ठेवून दिलं. मला वाटलं, योग्यच झालं. प्रश्न माझा नव्हता, उत्तरही माझं नव्हतं. पण तिच्या गळ्यात मीच होते ना. बहिणींपैकी कुणीही असती, तर तिला हात सोडावा लागला नसता. धूळ बसत होती, कसर माझा कोपरा कुरतडत होती, आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

कपाटामागून दिसत नाही, पण ऐकू येतं. एके दिवशी शाळा सुटल्यावर बाईंनी भिंगरीच्या बाबांना बोलावून घेतलं.

“मला तुमची माफी मागायची होती,” बाई म्हणाल्या. “त्या गुरुवारच्या खेळाबद्दल.”

खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“मला काही वाटलं नाही असं म्हटलं, तर खोटं होईल,” बाबा म्हणाले. “दोन दिवस घास उतरला नाही. पण आई आवडते म्हणाली, त्यात तिचं काय चुकलं? मलाही आवडायचीच की ती.”

“तुम्ही हसलात, म्हणून मला वाटलं...”

“तेच तर. ते हसणंच तिला लागलं. आता माझ्याकडे आली की मलाच विचारते, बाबा, तुम्हाला काय खायचंय? बाबा, तुम्हाला कुठे जायचंय? स्वतःचं काही मागत नाही. एवढीशी पोर, बाई, माझी मर्जी सांभाळते. पुढच्या महिन्यात कोर्टात तिला हेच विचारणार आहेत. कुणाकडे राहायचं म्हणून.”

बाबा “बरं, येतो,” म्हणाले आणि गेले. बाई रडल्या. आवाज न करता रडणाऱ्या माणसाचं नाक मात्र वाजतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बाहेर काढलं, पदराने पुसलं आणि वर्गासमोर धरलं.

“त्या दिवशी या पाटीचा खेळ खेळताना मी एक प्रश्न विचारला होता. आई का बाबा. तो प्रश्न चुकीचा होता. उत्तर देणाऱ्याचं काही चुकलं नाही, माझं चुकलं.”

लंबूने हात वर केला. “बाई, प्रश्नपण चुकतो?”

“चुकतो.”

“मग मार्क कुणाचे कापायचे?”

“माझे,” बाई म्हणाल्या. कुणी हसलं नाही. “आणि चुकलेल्या प्रश्नाला उत्तर द्यावंच लागतं असं नाही. तेव्हा काय म्हणायचं ते आज शिकू. आय डोंट वॉन्ट टू चूज.”

पोरांना जणू घबाड सापडलं. तो पूर्ण आठवडा, व्याकरण ऑर स्पेलिंग विचारलं तरी सगळा वर्ग एका सुरात, ‘वी डोंट वॉन्ट टू चूज.’ बाई कपाळावर हात मारून घ्यायच्या. भिंगरी मात्र त्या सुरात सूर मिळवत नव्हती. ती खाली बघून खोडरबर कुरतडत बसायची. बाईंना वाटलं होतं, चारचौघांत चूक कबूल केली की गाठ सुटेल. तसं झालं नाही.

काही दिवसांनी भिंगरीची आई आली. बाईंनी या वेळी हातातलं सगळं बाजूला ठेवलं आणि आधी खुर्ची पुढे केली.

“आमचं ठरलं,” आई म्हणाली. “आमचं आम्हीच ठरवलं. शाळेचे दिवस माझ्याकडे, शनिवार-रविवार आणि अर्धी सुट्टी त्यांच्याकडे. तसं लिहून दिलंय, म्हणजे कोर्टात तिला कुणी विचारणार नाही. हे स्वतः घरी आले होते. वर्षात पहिल्यांदाच भांडल्याशिवाय बोलले. म्हणाले, मी थोडं सोडतो, तू थोडं सोड, पण तिला परत तसं उभं करायचं नाही.”

बाई म्हणाल्या, “तुम्ही मला आधी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.”

“आठवतंय मला,” आई म्हणाली. “तुम्ही मान डोलावली होती.”

ती रागाने बोलली नाही. रागावली असती, तर बाईंना बरं वाटलं असतं. जाताना ती “आभारी आहे,” म्हणाली आणि बाई त्या दोन शब्दांनी आणखीच खचल्या.

त्यानंतरच्या एका दिवशी भिंगरी मधल्या सुट्टीत वर्गातच रेंगाळली. बाई डबा उघडत होत्या.

“बाई, आठवण येते, याला इंग्रजीत काय म्हणतात?”

“मिस.”

“शेजारच्या शाळेत बाईंना म्हणतात ते?”

“नाही गं, ते वेगळं. आय मिस यू, म्हणजे मला तुझी आठवण येते.”

भिंगरी खिळ्यापाशी आली. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही, आणि ते मला बरं वाटलं. तिचा हात अँडवर गेला. बाईंचा चेहरा उजळला, मला दिसलं. त्यांना वाटलं, आता ती दोघांना एका वाक्यात बसवणार. पण हात तिथून पुढे सरकला. तिने बट काढली, गळ्यात घातली आणि दोन्ही बाजूंना कुणी नसताना मधेच उभी राहिली.

“आय लाइक माय मदर, बट आय मिस माय फादर.” मग तिने विचारलं, “बरोबर आहे?”

“बरोबर आहे,” बाई म्हणाल्या.

“हे मी बाबांना सांगू?”

“तुला वाटलं तर सांग. नाही वाटलं तर नको सांगूस.”

भिंगरीने जरा विचार केला. “सांगते,” म्हणाली, बट जागेवर टांगली आणि खेळायला पळाली. बाईंचा डबा तसाच उघडा राहिला.

याला आता बरीच वर्षं झाली. भिंगरी पुढच्या इयत्तांत गेली, मग शाळेतूनही गेली. माझा कसरीने खाल्लेला कोपरा बाईंनी चिकटपट्टीने झाकलाय. नाडी नवी आहे. एक भोक फाटलंय, त्यामुळे मी कुणाच्याही गळ्यात थोडी तिरकीच लटकते. नव्या पोरांना वाटतं, ऑर अशीच असते.

मला फेकून द्या असं मी म्हणणार नाही. माझ्याशिवाय भाषा चालत नाही, आणि केळं का सफरचंद, पळायचं का लपायचं, हे पोरांना निवडता आलंच पाहिजे. तुमच्याही घरात कुणी लहान असेल. त्याला खुशाल विचारा, रोज विचारा. फक्त विचारण्याआधी एकदा त्याच्या तोंडाकडे बघा. आमच्या बाई आता बघतात. मला कुणाच्या गळ्यात घातलं की तोंड उघडून तशाच थांबतात, आणि वर्गाला वाटतं, बाई प्रश्न विसरल्या.