पुढच्या शाफ्टवरची खूण

बाबूरावांना डागाचा मनस्वी तिटकारा होता, आणि तो काही उगाच नव्हता. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी परदेशीपुऱ्यातल्या एका कापडमिलमध्ये ऑइलमन म्हणून घालवली होती. छताखालून, मागखात्याच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, एक लांबलचक शाफ्ट फिरायचा. त्यावरून पट्टे खाली यायचे आणि सगळे माग चालायचे. त्या शाफ्टला तेल द्यायचं आणि लगेच पुसून घ्यायचं, हे त्यांचं काम. त्यातही पुसणं महत्त्वाचं. तेलाचा नाहीतर खडूचा एवढासा ठिपका ताग्यावर पडला, की ताग्याची किंमत उतरायची आणि ऑइलमनची अब्रूही. त्यांच्या पत्नी रमाकाकू म्हणायच्या, ‘यांच्या हाताला चंद्र लागला असता ना, तर तोसुद्धा पुसून ठेवला असता!’

मिलला टाळं लागून दोन वर्षं झाली होती. टीव्हीवर नव्यानव्या मोटारींच्या जाहिराती चमकत होत्या आणि मिलमधले जॉबर, एकेकाळचे मुकादम, कोपऱ्याकोपऱ्यावर पोह्यांच्या गाड्या लावून उभे होते. बाबूराव त्यातल्या त्यात नशीबवान. स्नेहलतागंजातल्या पुष्करने त्यांना आपल्या गॅरेजमध्ये घेतलं. धुणं, पुसणं, ग्रीस भरणं ही कामं बाबूरावांची.

मिल बंद पडली, पण झांकी बंद पडली नव्हती. अनंत चतुर्दशीला इंदूरच्या प्रत्येक मिलची झांकी निघते, देवादिकांच्या हलत्या पुतळ्यांची, दिव्यांनी लखलखलेली, आणि सारं शहर रस्त्यावर उतरतं. कामगारांनी पदरमोड करून यंदा समुद्रमंथन उभं केलं होतं. वासुकीच्या एका टोकाला देव, दुसऱ्या टोकाला दैत्य, मध्ये गरागरा फिरणारा मंदार पर्वत. ते फिरवणारी यंत्रं मिलच्या भंगारातून बाबूरावांनीच जुळवली होती.

आणि ऐन चतुर्दशीच्या सकाळी झांकीचे प्रमुख मालोजीराव गॅरेजमध्ये धापा टाकत आले.

‘बाबूराव, भिया, घोटाळा झाला. झांकी ओढणारा ट्रॅक्टर गावातच अडकला, नाल्याला पूर आलाय. आणि मिलच्या मैदानात तर घोटाभर कीचड. कोणती गाडी ओढणार?’

गॅरेजच्या कोपऱ्यात जयसिंगरावांची जुनी जीप उभी होती. त्यांच्या वडिलांची, शिकारीच्या दिवसांतली. तिच्या चारही चाकांना इंजिनाची ताकद जायची; म्हणजे जायला हवी होती. पुढच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट खराब झाला होता आणि त्याच दुरुस्तीला ती आलेली होती. जयसिंगरावांनी फोनवर आनंदाने होकार दिला.

‘पाच वाजेपर्यंत जीप घेऊन येतो,’ बाबूराव म्हणाले. त्यांना कोणी विचारलंही नव्हतं. शब्द निघून गेला.

मालोजीरावांनी त्यांचा हात धरला. ‘बघा हं. टाळं लागलं तरी आपण म्हणतो, मिल आहे. आज गेटच्या बाहेर झांकी नाही निघाली, तर लोक समजतील की खतम.’

पुष्करने शाफ्ट उतरवला. शाफ्ट दोन तुकड्यांचा. एक तुकडा दुसऱ्यात दातांवर सरकत बसायचा. दोन्ही टोकांना लोखंडाचे दोन-दोन कान आणि त्यांत अडकवलेला एकेक क्रॉस, अधिकच्या चिन्हासारखा. पुष्करने तुकडे वेगळे करण्याआधी दोन्हींवर खडूने रेघ मारली, नवे क्रॉस ठोकून बसवले आणि सगळं बाबूरावांच्या हवाली केलं.

‘काका, साफ करा, ग्रीस भरा, अन् निशाणावर निशाण ठेवून बसवा. मी जरा मागचे ब्रेक बघतो.’

बाबूरावांनी काम असं केलं की बघत राहावं. रॉकेलने धुतलं, कापडाने पुसलं, परत पुसलं. दातादातांत ग्रीस भरलं, तुकडे एकमेकांत सरकवले, शाफ्ट जीपखाली चढवला आणि बोल्ट आवळले. इतका लख्ख शाफ्ट त्या गॅरेजने कधी पाहिला नसेल.

पुष्करने पुढची चाकं इंजिनाला जोडणारा दांडा टाकला आणि जीप गल्लीत काढली. चार हात गेली नाही तोच ती अंगात आल्यासारखी हिसके देऊ लागली. जमिनीखालून ठक-ठक आवाज येऊ लागला. पुष्करने तिथेच इंजिन बंद केलं आणि खाली वाकून पाहिलं.

‘काका, निशाण कुठंय?’

बाबूरावांनी हातातल्या कापडाकडे पाहिलं. पांढरा खडू त्या कापडावर होता. दोन्ही रेघा त्यांनीच मन लावून पुसल्या होत्या, आणि पुसताना मनाला बरंही वाटलं होतं.

‘आता कोणत्या दातावर बसवायचं?’ त्यांनी विचारलं.

‘मला काय माहीत! उस्तादने शिकवलं, निशाण पुसलं तर झापड. क्यों, ते कधी सांगितलंच नाही. एकेक दात बदलून बघायचं म्हटलं तर रात्र होईल, काका. अन् असाच झांकीला जोडला तर क्रॉस तुटणार.’

दुपार कलत होती. बाबूरावांना मैदानातल्या चिखलात उभा असलेला मंदार दिसू लागला. रडू यायच्या बेतात होतं, पण रडून शाफ्ट बसत नाही. ते म्हणाले, ‘जीप उचल. मला एकदा तो फिरताना बघू दे.’

दांडा परत मागे घेऊन पुढचं एक चाक जॅकवर उचललं. बाबूराव खाली आडवे झाले, पुष्कर बाहेरून चाक अगदी हळू, एकसारखं फिरवू लागला. खरं तर बाबूरावांना हा शाफ्ट कधी पटलाच नव्हता. मिलचा शाफ्ट ताणलेल्या सुतासारखा सरळ. केसभर वाकला तरी खातं बंद. आणि हा तिरका! वर गिअरबॉक्स, खाली चाकं, मध्ये हा उतरता, तरीही फिरतो म्हणे.

ते बघत राहिले. चाक एकसारखं फिरत होतं, पण पहिल्या क्रॉसनंतर शाफ्ट क्षणभर घाईने पुढे जायचा आणि मग रेंगाळायचा. घाई, रेंगाळणं, घाई, रेंगाळणं. पुढे दुसरा क्रॉस, तोही तसाच लहरी, आणि दोघांची घाई एकाच वेळी. वरच्या टोकाला नुसते हिसके पोचत होते.

महिनाभर त्यांनी देव-दैत्यांशी हीच झटापट केली होती. दोन्ही बाजू एकदम ओढायला लागल्या की पर्वत जागच्या जागी गचके खायचा. देवांनी ओढलं की दैत्यांनी सोडायचं, तेव्हा कुठे तो फिरला होता.

‘पुष्कर,’ ते गाडीखालून ओरडले, ‘याने घाई केली की त्याने रेंगाळायला पाहिजे!’

शाफ्ट खाली आला. बाबूरावांनी तो सपाट फरशीवर ठेवला. एका टोकाचे कान आडवे होते आणि दुसऱ्याचे उभे. त्यांनी तुकडा ओढून काढला, वळवला, परत सरकवला. आता दोन्ही टोकांचे कान फरशीला सारखे टेकले.

शाफ्ट चढवला. पुष्करने परत चाक फिरवलं. मधला शाफ्ट अजूनही घाई करत होता, रेंगाळत होता, त्याची खोड काही गेली नव्हती. पण पलीकडच्या टोकाला फिरणं अगदी शांत, अगदी अखंड पोचत होतं. एकाची चूक दुसरा गिळून टाकत होता, प्रत्येक फेऱ्यात, कोणाला कळूही न देता. गेली कित्येक वर्षं रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक ट्रकच्या पोटाखाली हे चाललं होतं, आणि आपण कधी वाकून पाहिलं नाही! कोणाच्या डोक्यात आलं असेल हे पहिल्यांदा? ग्रीसने माखलेले हात त्यांनी पडल्यापडल्याच जोडले.

‘काका, झोपलात का?’

‘तू आत ये,’ बाबूराव म्हणाले. ‘ये, बघ.’

पुष्कर आत शिरला आणि बाबूराव बाहेर येऊन चाक फिरवू लागले. रोज शाफ्ट उतरवणारा तो माणूस, पण शाफ्ट फिरताना आज पहिल्यांदाच बघत होता. मग म्हणाला, ‘गजब आहे यार, काका. उस्तादने पण पाहिलं नसेल.’

पाचाच्या आत जीप मिलच्या मैदानात पोचली. मालोजीरावांनी दोर बांधेपर्यंत बाबूराव रंगाऱ्याकडे गेले. क्षीरसागराच्या फेसाचा पांढरा ऑइलपेंट उरला होता. त्यात ब्रश बुडवून ते जीपखाली सरकले आणि त्या लख्ख शाफ्टच्या दोन्ही तुकड्यांवर त्यांनी आपल्या हाताने दोन ठसठशीत ठिपके दिले, समोरासमोर. पुसले नाहीत.

पुष्करने दांडा टाकला. चारही चाकांनी चिखल धरला. दोर ताणला गेला, समुद्रमंथन जरासं डुललं आणि निघालं. हिसका नाही, ठक-ठक नाही. मिलचं गेट सताड उघडं होतं आणि बाहेर लोक ओरडत होते. मालोजीराव रडत होते आणि हसतही होते.

बाबूराव मात्र झांकीकडे बघतच नव्हते. भर मिरवणुकीत ते कमरेत वाकून, जीपच्या बरोबरीने चिखलातून चालत होते. खाली ते दोन पांढरे डाग फिरत होते आणि जीपने वेग घेतला तशी त्यांची एकच पांढरी रेघ झाली.