उजेड पायांपुरता

मी बॅटरी बोलतेय. मोबाईलच्या पोटातली नव्हे, पत्र्याची, तीन सेलची, हातात धरली की मनगटाला वजन जाणवेल अशी. अकोल्याच्या एका एकपडदा थेटरात मी तीस वर्षं उजेड पाडला. थेटराला नाव होतं, पण पाटीवरची अर्धी अक्षरं कधीच गळून पडली होती, आणि सगळे नुसतं 'थेटर'च म्हणायचे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. मला आठवतं ते दुकानाच्या कपाटातून निघाल्यापासूनचं. दिवाळीचा सीझन तोंडावर आला होता. मॅनेजर खुशालरावांनी माझ्यासारख्या तिघी विकत आणल्या आणि मला बाल्कनीच्या नव्या डोअरकीपरच्या हातात दिलं. अब्दुल सत्तार त्याचं नाव. तेव्हा मिसरूड नुकतंच दाट झालेलं. त्यानं पहिल्याच दिवशी खिळ्यानं माझ्या पाठीवर 'अ. स.' असं कोरलं. मला दुखलं, पण बरंही वाटलं.

सत्तारला काम शिकवलं खालच्या दारावरच्या म्हाताऱ्या सूर्यभाननं. डोअरकीपरचं सगळं शास्त्र त्यानं एका वाक्यात सांगून टाकलं. "बॅटरी पायावर मारायची, तोंडावर नाई. अंधारात कोन कोनासंगं आला, हे आपल्याले मालूम कराचं नाई."

सत्तारनं हे वाक्य गाठीला बांधलं. तीस वर्षांत त्यानं माझा उजेड कुणाच्या घोट्याच्या वर जाऊ दिला नाही. म्हणून माझी जगाशी ओळख झाली ती पायांकडून. धामणगावहून कापूस विकायला आलेले, टाचेच्या भेगांत काळी माती घेऊन फिरणारे पाय. मोर्शीकडच्या संत्रेवाल्यांचे चकचकीत बूट. नव्या नवरीची जोडवी आणि त्यांच्यामागून अडखळत चालणारे, नव्या नवऱ्याचे करकरते जोडे. शाळेला दांडी मारून आलेली पोरं आणि त्याच शाळेचे हेडमास्तर एकाच रांगेत बसलेले मी पाहिलेत. नावं सांगणार नाही, आमच्या धंद्याला ते शोभत नाही.

दिवाळीत तर विचारूच नका. सगळ्यांच्या पायात नव्या चपला आणि सगळ्यांना त्या चावत असायच्या. अर्ध्या पिक्चरमध्ये लोक त्या काढून खुर्चीखाली सरकवायचे, आणि शो सुटला की आम्ही दोघं वाकून शंभर चपलांच्या जोड्या लावत बसायचो. सत्तार हळूहळू पाय पाहून माणूस ओळखायला लागला. घरी तो याची फुशारकी मारायचा, आणि बायको अकीला हसून म्हणायची की मग माझ्या चुलीजवळ पण बॅटरी घेऊन या.

पण घरी तो असायचा कधी? लोकांचा सण तो आमचा सीझन. दिवाळीत चार खेळ, ईदला चार खेळ, नाताळच्या सुट्टीत पुन्हा तेच. ज्या दिवशी गाव नटूनथटून आमच्याकडे यायचं, त्या दिवशी सत्तारच्या घरी शीरखुर्मा झाकून ठेवलेला असायचा.

त्याची लेक सबीहा. एकुलती. ती आठ वर्षांची असताना दिवाळीच्या सुट्टीत दुपारी डबा घेऊन यायची आणि तीनचा खेळ फुकटात पाहायची. 'जी' रांगेतली सात नंबरची खुर्ची तिची ठरलेली. एकदा पडद्यावर मारामारी सुरू असताना ती जोरात किंचाळली. खुर्चीची बैठक वर उचलली गेली होती आणि तिचा उजवा पाय खालच्या लोखंडात अडकला होता. सत्तारनं मला दातात धरलं, दोन्ही हातांनी लोखंड वाकवलं आणि पाय सोडवला. चार टाके पडले. घोट्याखाली चंद्रकोरीसारखा पांढरा वण राहिला. ते रक्त मी अगदी जवळून पाहिलं, आणि सत्तारच्या डोळ्यांतलं पाणीही. ते सबीहानं पाहिलं नाही, कारण उजेड तिच्या पायावर होता.

खुर्ची दुसऱ्या दिवशीच दुरुस्त झाली. पण त्या दिवसापासून सत्तारला एक सवय लागली ती कायमची. जी सातवर कुणीही बसायला आलं की तो वाकून सांगायचा, "जपून बसा, या खुर्चीचं लोखंड पायाले लागते." कलेक्टर येवो की कांदेवाला. लोखंड लागत नाही आता, हे त्यालाही माहीत होतं. तरी सांगायचा. ही गोष्ट नीट ध्यानात ठेवा.

सबीहा मोठी झाली. अमरावतीचं स्थळ आलं. निकाह ईदच्या तिसऱ्या दिवशी ठरला आणि त्याच आठवड्यात मोठा पिक्चर लागला. खुशालरावांनी फक्त दुपारची सुट्टी दिली. माणूस वाईट नव्हते ते, पण सीझनमध्ये त्यांना थेटरापुढे काही दिसत नसे. निकाहाच्या मंडपातही मी सत्तारच्या पिशवीत होते. पाहुणे त्याची थट्टा करत होते. रुख्सतीची वेळ पाचची होती, ती लांबत गेली, आणि सहाच्या खेळाची वेळ झाली. लेकीला निरोप द्यायचा तो बापच निघाला.

तो तिच्याजवळ जाऊन म्हणाला की सीझन झाला का येतो अमरावतीले.

सबीहा रडत नव्हती. तिनं एवढंच विचारलं, "तुमचा सीझन संपते कवा, अब्बा?"

सत्तार पिशवी उचलून थेटराकडे निघाला. अमरावतीला तो गेला नाही. आधी सीझन म्हणून गेला नाही, मग इतके दिवस गेलो नाही या लाजेनं गेला नाही. तिकडे तिचाही ताठा होता, बाप तशी लेक. आईशी ती फोनवर बोलायची, बापाचं नाव निघालं की फोन ठेवायची. तीन वर्षं अशी गेली. या काळात सत्तारला मी रात्रंदिवस पाहत होते, तो कधी रडला नाही. फक्त जी सातजवळ आला की त्याचा हात किंचित रेंगाळायचा.

गेल्या वर्षी कळलं की थेटर बंद होणार. मालक तिथे दुकानांचे गाळे काढणार होता. दिवाळी हा शेवटचा सीझन. सत्तारला तो पुरा करायचा होता. आणि नेमक्या त्याच वेळी त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. त्यानं कुणाला सांगितलं नाही. खुशालरावांना कळलं तर दारावरून उठवतील, ही धास्ती. पण तीस वर्षं पायांखालची वाट. दारापासून नऊ पावलं, डावीकडे दोन पायऱ्या, रांगा हातानं मोजायच्या. तो सगळ्यांना बिनचूक बसवत होता. माझा उजेड तो पाडायचा तो सवयीनं. त्याला दिसत होता फक्त एक धुरकट पिवळा गोळा, आणि अगदी डोळ्यांशी धरला तर तिकिटावरचा ठळक नंबर.

भाऊबीजेचा दिवस. तीनचा खेळ, हाऊसफुल्ल. पिक्चर सुरू झाला होता, खाली पोरं शिट्ट्या मारत होती. उशिरा आलेली एक बाई दारात उभी राहिली आणि तिनं न बोलता तिकीट पुढे केलं. सत्तारनं ते डोळ्यांशी नेलं. जी सात. तो पुढे, ती मागे. नऊ पावलं, दोन पायऱ्या. खुर्चीजवळ त्यानं मला खाली वळवलं.

उजव्या पायाच्या घोट्याखाली पांढरा वण होता.

मी ओळखलं. त्या रक्ताला उजेड दाखवलेली मी, मी कशी विसरेन? मला ओरडावंसं वाटलं. पण बॅटरीला तोंड नसतं, आणि मान वर करायची तर धरणाऱ्याचा हात लागतो. सत्तार वाकून म्हणाला, "जपून बसा, या खुर्चीचं लोखंड पायाले लागते."

ते पाय थिजले. बसणाऱ्याची बोटं पडद्याकडे वळतात, तिची आमच्याकडे वळली. ती वाट पाहत होती. एक शब्द, निदान तिचं नाव. दारात आणखी दोन गिऱ्हाइकं आली होती. सत्तार वळला, आणि मला त्याच्याबरोबर वळावं लागलं.

मध्यंतरानंतर आम्ही फेरी मारली तेव्हा खच्चून भरलेल्या बाल्कनीत एकच खुर्ची रिकामी होती. सत्तारनं हातानं चाचपली आणि पुटपुटला की कोनाले तरी पिच्चर आवडला नाई.

घरी गेल्यावर अकीला दारातच उभी होती, तिनं सगळं सांगितलं. सबीहा अमरावतीजवळच्या नांदगाव पेठेत कापडाच्या युनिटात शिवणकाम करते, दिवाळीची सुट्टी मिळाली म्हणून आली होती. आईला बजावून आली होती की आधी सांगू नको, मी त्यांच्या थेटरातच जाते, ते बोलले तर बोलीन. आणि तिथूनच परस्पर अमरावतीची एसटी धरून परत गेली होती.

सत्तारनं लागलीच फोन लावला. मी शेजारी फळीवर होते.

"तुमी ओळखलं मले, अब्बा," सबीहा म्हणाली. "लोखंडाचं बोलले ना तुमी."

"बेटा, थे मी सगळ्याइलेच सांगतो. तुह्या त्या दिवसापासून सांगून राहिलो."

सत्तारनं डोळ्यांचं सांगितलं, तेही तिला पटेना. दिसत नाही तर अंधारात खुर्ची कशी सापडली, असं तिनं विचारलं. मग आवाज फाटला तिचा. "तीस वरसं पाय पाहून मानूस ओळखता. माह्याच पायाले काय झालं?"

फोन बंद झाला. त्यानंतर तिनं त्याचा फोन उचलला नाही.

तो खरं बोलत होता. वीस वर्षं हजारो माणसांना त्यानं ते वाक्य सांगितलं आणि दर वेळी त्यात तीच होती. याची साक्षीदार मी एकटी. माझी साक्ष कोण घेणार?

तुळशीचं लग्न झालं आणि थेटराला कुलूप लागलं. खुर्च्या भंगारात वजनावर गेल्या, जी सातही गेली. सत्तारनं खुशालरावांकडे फक्त मला मागितलं. हिवाळ्यात एका मोफत शिबिरात त्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. आता त्याला सुईत दोरा ओवता येतो. चणे होते तेव्हा दात नव्हते, दात आले तर चणे गेले.

आता मी दाराजवळच्या फळीवर असते. एका सेलला पाणी सुटलंय, बटण दोनदा दाबावं लागतं. गल्लीच्या खांबावरचा दिवा कित्येक महिने बंद आहे. सांजेला कडी वाजली की सत्तार मला उचलतो, दार उघडतो आणि माझा उजेड सरळ आलेल्याच्या तोंडावर टाकतो. दूधवाला वैतागतो. शेजारणी म्हणतात, म्हातारा बिघडला. काल अकीलानंही विचारलं, "लोकाइच्या तोंडावर काहून मारता?"

तो म्हणाला, "एकडाव पायच पाहात राह्यलो ना."

मी तीस वर्षं पायांपुरतीच जगले. या वयात तोंडं पाहायला शिकतेय, आणि खरं सांगू, मला ती आवडत नाहीत. दर वेळी कुणीतरी दुसरंच असतं. ईद येऊन गेली. आता पुन्हा दिवाळी आली आहे, नांदगाव पेठेतली युनिटं बंद होतील. सत्तारला तीस वर्षांत पहिल्यांदा दिवाळी मोकळी आहे. तो दुपारपासून दारातच बसतो, अमरावतीच्या गाड्या किती वाजता येतात ते त्याला पाठ आहे.

सबीहा, माझ्यात आता फार जीव नाही. येशील तर लवकर ये. बोलू नकोस, आलीस तर नुसती उंबऱ्यात उभी राहा. उजेड डोळ्यांवर आला तर हात आडवा धरू नकोस.