पळून जाणाऱ्याची अर्धी कबुली

आमच्या बोलोन्या शहरात अवघड खटला न्यायाधीश स्वतः सोडवत नाही. तो कायद्याच्या पंडिताकडे पाठवतो आणि पंडित लिहून देईल तोच निकाल. त्यामुळे आम्हा पंडितांचा तोरा काही विचारू नका. माझाही होता.

त्या गुरुवारी दियामान्ते धापा टाकत घरात शिरली. खोगीर शिवणाऱ्या झाकेओची बायको, आमची शेजारीण. खुनाच्या आरोपावरून झाकेओ आठ दिवस कोठडीत होता.

"भावजी, सुटलो आम्ही! कुठल्या पंडितावर तुमचा विश्वास नाही, असं न्यायाधीशांनी विचारलं. यादीतल्या सगळ्यांवर काट मारायला लावली मी. तुम्ही एकटेच राहिलात!"

"अगं बाई, काय करून बसलीस हे!"

"का? वीस वर्षं एका ताटात जेवलात ना दोघं?"

काय सांगणार तिला, कपाळ? झाकेओला प्रेताजवळ पाहणारा साक्षीदार एकच होता. एका साक्षीवर कबुली काढायला कुणाला हात मागं बांधून दोरीला टांगता येत नाही. पण हा बावळट झाकेओ घाबरून डोंगरात बहिणीकडे पळाला होता. आणि पळण्यावर बारा वर्षांपूर्वी मी एक पान लिहून ठेवलं होतं.

दिवाणी दाव्यात बोलावूनही जो येत नाही, त्याला दावा मान्य आहे असं धरतात. भर वादसभेत मी तो नियम उचलला आणि फौजदारीत आणून बसवला. पळाला, म्हणजे अर्धी कबुली दिली. त्यात एक साक्षीदार मिळवा, दोरीला तेवढं पुरे. मोदेना गावच्या एका बडबड्या पंडिताचं तोंड बंद करायला सुचलेली ती युक्ती. लोकांनी बाकं बडवली, मी फुगलो, ग्रंथात घातली. आता ती प्रत्येक न्यायाधीशाला पाठ होती.

तीन दिवस ग्रंथ उलटेपालटे केले. मेलं ते पान मीच इतकं घट्ट विणलं होतं की मलाच बाहेर पडायला फट सापडेना. शेवटी सरळ लिहिलं: 'माझं चुकलं. दाव्यात गेलेलं शेत परत मिळू शकतं, निखळलेले खांदे कोण परत देणार? निरपराध माणूसही भीतीनं पळतो.' त्या पानावर आजवर कितीजण टांगले गेले असतील, हे मोजायची माझी छाती झाली नाही.

मृताच्या भावाचा वकील कागद वाचून हसला. "ग्रंथ लिहिताना पंडितांचा मित्र कोठडीत नव्हता. आज आहे. मग यातलं निःपक्ष मत कुठलं?"

न्यायाधीशानं माझा कागद बाजूला सारला. दुसरा पंडित हवा होता, तर काट न मारलेला एकच उरला: गेल्या महिन्यात पंडित झालेला, म्हणून यादीतच नसलेला लान्फ्रान्को. माझा शिष्य. दुसऱ्या दिवशी हे कळताच मी तडक त्याचं घर गाठलं.

"अरे, ते पान खोटं आहे. मी सांगतोय ना!"

"गुरुजी, मित्रासाठी तुम्ही आयुष्यभराच्या नावावर पाणी सोडताय." त्याचे डोळे भरून आले. "मी ते होऊ देणार नाही. सकाळीच तुमचं पान शब्दशः उतरवून पाठवलं."

"गाढवा!" मी किंचाळलो. माझ्यावर इतका जीव टाकणारा दुसरा शिष्य मला नाही.

बुधवारी झाकेओला टांगलं. दुसऱ्या हिसक्याला तो कबूल झाला. सुरी कुठं टाकलीस, असं विचारलं तर म्हणाला, "तुम्ही सांगाल तिथं टाकली, पण खाली घ्या." कारकुनानं कबुली लिहून घेतली.

दियामान्ते माझ्या उंबऱ्याशी बसून होती. रडणं संपलं होतं तिचं.

"भावजी, त्या कालच्या पोराला असलं कुणी शिकवलं हो?"

"मी शिकवलं," मी म्हणालो.