दगड ठेवलेला ओंडका

आमच्या किनाऱ्यावर झाड उगवत नाही. लाकूड येतं ते समुद्राच्या मर्जीनं, बर्फाच्या पाठीवर बसून, कुठल्या मुलखातून कोण जाणे. ज्याला सापडेल त्यानं ते भरतीच्या रेषेवर ओढायचं आणि वर एक दगड ठेवायचा. मग ते त्याचं. थंडीनं काकडणारा माणूसही त्याला हात लावत नाही.

काराले आपली एकट्याची होडी, कयाक, घेऊन समुद्रात गेला, त्याला दोन हिवाळे झाले. त्यानं दगड ठेवलेला लांब ओंडका खाडीच्या तोंडाशी तसाच पडून होता. त्याची बायको नुकाका रोज तिथवर जायची, बघायची, परत यायची.

यंदा बर्फ फुटताना आमच्या मोठ्या कातडी होडीचा कणा मोडला. होडी नाही तर उन्हाळी मुक्काम नाही, तिथली मासळी वाळवली नाही तर पुढचा हिवाळा नाही. आणि कण्याला पुरेल एवढा लांब ओंडका दुसरा कुठंच नव्हता.

नुकाकाचा धाकटा दीर इनूराक तिच्याकडं तीनदा येऊन हवापाण्याचं बोलून गेला. चौथ्यांदा केतुरा आत्यानं त्याला ढकलतच आणला.

"बोल की रे! अस्वलापुढं उभा राहतोस, वहिनीपुढं वाचा बसते होय?"

"वहिनी, तो ओंडका..."

"काराले आला की विचारा, भावजी." कातडं खरवडणारा तिचा हात थांबला नाही.

दोघांनी माना खाली घातल्या. गेलेल्याचं नाव आमच्यात कुणी घेत नाही, एखाद्या नव्या बाळाला ते देईपर्यंत. अख्ख्या वस्तीत ते नाव आता एकट्या तिच्याच तोंडी होतं.

"दगड आम्ही उचलला तर चोरी होईल गं," आत्या म्हणाली. "तुलाच उचलायला हवा."

"आणि मी उचलला, की तो मेला."

कातड्यावरची पाती आणखी थोडी खरखरली, मग थांबली.

"दमले हो आत्या," नुकाका म्हणाली. "नुसतं बसूनसुद्धा माणूस एवढं दमतं?"

ती उठली आणि खाडीकडं निघाली. वस्तीतले आम्ही सगळे मागोमाग गेलो. दगड जड होता. इनूराक पुढं झाला.

"राहू द्या, भावजी."

तिनं तो पोटाशी धरून उचलला आणि बाजूला ठेवला. ओंडका ऊनवाऱ्यानं पांढरा पडलेला. दगडाखालचा तेवढा हातभर भाग अजून तांबूस होता. त्यावर तिनं तळवा टेकला.

"काराले," ती म्हणाली. जेवायला हाक मारावी, एवढ्याच आवाजात. आत्यानंही तिला अडवलं नाही.

मग दोराचा फास खांद्यावर घेऊन ती पुढं झाली.

"ओढा," म्हणाली.