काळ्या मातीतले मोहेंजोदडो

मी एक जुने शहर आहे. जुने म्हणजे गेल्या मंगळवारचे. पण मित्रांनो, माझ्या पुठ्ठ्यावर स्केचपेनने 'पाच हजार वर्षांपूर्वीचे' असे लिहिले आहे, तेव्हा वयाचा मान राखावा.

ढाणकीजवळच्या एका शाळेत सातवीच्या वाचनगटाने मला घडवले. या गटात शिक्षक बसत नाहीत. अर्पिता मोठ्याने वाचते, राजदीप आणि मोनाली तिला अडवून प्रश्न विचारतात. मोहेंजोदडोच्या स्नानकुंडापर्यंत वाचून झाले आणि तिघांना धीर निघेना. पुस्तक मिटले. राजदीपने घरच्या पऱ्हाटीच्या वावरातून टोपलीभर काळी माती आणली.

त्या मातीत कापूस छान येतो, मित्रांनो. शहर येत नाही. पहिल्याच उन्हात माझा राजरस्ता तडकला. मुलांनी भेग ओल्या मातीने बुजवली. मी फुगले, वाळले आणि आणखी फाटले.

"कायले वावरातली माती आणली बे?" मोनाली म्हणाली.

"मंग का सिंधू नदीवर जाऊ?" राजदीप म्हणाला.

अर्पिता पुन्हा भेग लिंपायला लागली. वर्गशिक्षक घनश्याम सरांनी बजावले होते, शाळेच्या प्रदर्शनात पाहुण्यांना हा प्रकल्प आवडला तरच वाचनाचा तास राहील. नाहीतर त्या तासाला सराव प्रश्नपत्रिका. ते ऐकून मी सगळे अंग आवळून धरले. काळी माती आवळली की जास्त फाटते, हे मला उशिरा कळले.

प्रदर्शनात पाहुण्यांनी माझ्यावरची चादर उचलली. स्नानकुंड मधोमध दुभंगलेले. सर हळूच म्हणाले, "उत्खननातले अवशेष आहेत म्हणून सांग."

सांग बाई, मी मनात म्हटले.

"नाही सर, आमचं चुकलं," अर्पिता म्हणाली. "ते लोक विटा भाजत होते. पुढच्या पानावर होतं, मले कालच दिसलं. आमी आधी वाचलंच नाही."

पाहुणे हसले आणि थर्माकोलच्या पिरॅमिडकडे वळले. त्याला एकही भेग नव्हती. बक्षीस त्यालाच मिळाले.

"सर, पुढचं वाचाले तास पाहिजे ना," अर्पिता सरांच्या मागे गेली. "म्हणून तरी राहू द्या."

"बघू," सर म्हणाले.

सोमवारी त्या तासाला प्रश्नपत्रिका वाटल्या.

आता मी व्हरांड्यात आहे. माझी तटबंदी कोंबड्या उकरतात. मधल्या सुट्टीत डबा अर्धा टाकून तिघे माझ्याशेजारी बसतात, अर्पिता पुस्तक उघडते, राजदीप पहिला प्रश्न विचारतो आणि तास भरतो. मला लिंपू नका, मित्रांनो. तुमच्यापैकी कोणाच्या हाती शाळेची घंटा असेल, तर ती जरा उशिरा वाजवा.