हवाईमावशीची साक्ष

“दार उघडा. आधी दार उघडा!”

विमानाच्या मागच्या टॉयलेटमधला धुराचा गजर कोकलत होता. आतली कडी निघेना, तशी हाका मारणाऱ्या विमानसेविका मावशींनी बाहेरूनच दार उघडलं. पन्नाशीचा एक गृहस्थ भिंतीला चिकटून उभा होता.

“मी काही केलं नाही हो!”

“ते मागाहून. सिगारेट कुठे टाकलीत?”

त्याने कचऱ्याच्या पेटीकडे बोट दाखवलं. आतल्या कागदी रुमालांतून धूर येत होता. मावशींनी पाण्याच्या दोन बाटल्या आत रिकाम्या केल्या, कोपरापर्यंत हात घालून लगदा चाचपला, विझल्याची खात्री केली आणि मगच कॅप्टनला फोन लावला.

सत्तावीस वर्षं त्या विमानात काम करत होत्या. कोणी ‘हवाईसुंदरी’ म्हटलं की म्हणायच्या, “सुंदरी कसली आता, हवाईमावशी म्हणा.” तेच नाव पडलं.

“उतरल्यावर पोलीस येतील?” त्याने विचारलं.

“येतील.”

त्याने हात जोडले. “धाकट्या भावाचं दुपारी हृदयाचं ऑपरेशन आहे. मी आल्याशिवाय आत जाणार नाही म्हणून हटून बसलाय. जीव थाऱ्यावर नव्हता, दोन झुरके मारले. एवढ्या वेळेला मिटवून टाका ना, ताई.”

“एकशे ऐंशी माणसं आहेत इथे. प्रत्येकाची खाली कोणीतरी वाट बघतंय.” मावशींचा आवाज चढला नाही. “खोटं मी लिहिणार नाही, तुम्हीही बोलू नका. विचारलं की सरळ सांगा, हो, ओढली.”

विमान उतरलं. पोलीस त्याला घेऊन गेले. कर्मचाऱ्यांची बस उभी होती. सहकारी हाका मारत होते. मावशींनी त्यांना हातानेच ‘तुम्ही व्हा पुढे’ म्हटलं आणि विमानतळाच्या पोलीस चौकीत जाऊन बसल्या.

“याला सोडून द्यायचं म्हणता?” अधिकाऱ्याने विचारलं.

“छे! गुन्हा नोंदवाच. आधी नाकारलं, मग पेटी दाखवली, दोन्ही लिहा. पण लिहिणं लवकर आटपा. आणि तो म्हणतो ते खरं का, हॉस्पिटलला विचारून घ्या.”

अधिकाऱ्याने स्पीकरवर फोन लावला. दोन-तीन माणसांकडून फिरत तो थेट भावापर्यंत गेला. पलीकडचा क्षीण आवाज साऱ्या खोलीला ऐकू आला, “दादा आला का?”

अधिकाऱ्याने कागद पुढे ओढला. अर्ध्या तासात जबाब झाला, सह्या झाल्या. बोलावू तेव्हा हजर राहायचं, या अटीवर त्याला सोडलं.

दारात तो घुटमळला. “तुम्हीच पकडून दिलंत, आणि तुम्हीच…”

“बोलत काय बसलात? पळा!”

तो खरंच पळाला, बॅग छातीशी धरून.

मावशी बाहेर आल्या. गणवेशावर स्वेटर चढवून त्या उन्हातल्या बाकावर बसल्या, बूट काढून सुजलेले पाय त्यांनी जरा मोकळे केले. बऱ्याच वेळाने शेजारच्या टॅक्सीवाल्याने चौकशी केली, “कोणाला पोचवायला आला होतात का, बाई?”

“हो,” मावशी म्हणाल्या. “पोचला असेल एव्हाना.”